वली कुणाला म्हणायचे?

आमच्या शाळेत सहावीच्या वर्गाला दर वर्षी 'मेरे वालिद' हा निबंध लिहायला देतात. आम्हीही देत आलो. गेल्या वर्षी एका वर्गाच्या त्रेचाळीस वह्या तपासायला घेतल्या आणि त्यांतल्या काही वह्यांपाशी हात थांबला. एका मुलाने वालिदऐवजी मामूवर लिहिले होते. एका मुलीने गाईडमधला निबंध जसाच्या तसा उतरवला होता. तिचे वालिद रोज सकाळी चहा पीत अखबार वाचतात आणि संध्याकाळी तिला बागेत फिरायला नेतात. त्या माणसाने चार वर्षांपूर्वी घर सोडले, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. आणखी एका वहीत तारीख होती, मथळा होता, मथळ्याखाली पट्टीने ओढलेली रेघ होती आणि पुढचे पान कोरे होते. त्या कोऱ्या पानाखाली आम्ही लाल शाईने 'नामुकम्मल' असा शेरा मारला आणि पुढची वही उघडली.

हा शेरा मारणाऱ्या आम्ही कोण? आम्ही स्वतःच एकट्या आया आहोत. सोलापुरातल्या एका उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये एका टेबलाभोवती आम्ही तिघी बसतो. तिघीही तिशीतल्या, तिघीही बी.एड. झालेल्या. एकीचा नवरा २०२१च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. एकीला तलाकचा कागद पोस्टाने आला. तिसरीचा नवरा आखातात नोकरीला आहे. अडीच वर्षे झाली, पैसे नाहीत, फोन नाही आणि तलाकही नाही. तिघींची मिळून पाच मुले. या लेखात जे 'आम्ही' येईल ते आम्हा तिघींचे आहेच, पण शाळेच्या फाटकाशी मुलांना न्यायला येणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या, शिलाई मशिनीवर बसणाऱ्या बायांचेही आहे. आम्हाला महिन्याच्या महिन्याला काहीतरी हाती पडते. आमच्यातली एक अजून शिक्षणसेवक आहे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३पर्यंत सहा हजार होते, ते सोळा हजार झाले. पण बिड्या वळणारीला हजार बिड्यांमागे मजुरी मिळते आणि माल नापास झाला की तीही कापली जाते. तिला हा लेख लिहिता येणार नाही, म्हणून आम्ही लिहितो आहोत.

अशी घरे थोडीथोडकी नाहीत. यूएन विमेन या संस्थेच्या २०१९च्या अहवालात, आई एकटीच मुलांना सांभाळते अशा भारतातल्या कुटुंबांचा आकडा सुमारे एक कोटी तीस लाख दिला आहे. देशातल्या एकूण कुटुंबांच्या ते साडेचार टक्के होतात. यांत सर्व धर्मांच्या आया आल्या. भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या घरात एका खोलीत राहून मुले वाढवणाऱ्या याहून वेगळ्या.

आमचा दिवस कसा जातो ते आधी सांगतो, कारण सल्ला देणाऱ्यांना तो ठाऊक नसतो.

आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही, दिवसाआडही येत नाही. आणि ज्या दिवशी येते त्या दिवसाची वेळ नळालाच ठाऊक. रात्री दोनला आले तर दोनला उठायचे. पिंप, बादल्या, हंडे भरून होईपर्यंत झोप गेलेली असते आणि फजरची अजान होते. मग भाकरी, भाजी, शेंगाचटणी, डबे. शाळा सव्वासातला भरते. धाकटीला अर्ध्या झोपेत उचलून तिच्या नानीकडे सोडायचे. नानीचे गुडघे गेलेले, तरी ती दार उघडून उभी असते. शाळा सुटल्यावर मास्तरकीची उरलेली कामे: कधी मतदारयाद्या, कधी सर्वेक्षण, कधी ऑनलाइन माहिती भरणे. येताना लाईट बिल, गॅस, औषध. असरपासून मगरिबपर्यंत दुसऱ्यांच्या मुलांची ट्यूशन, कारण पगार पुरत नाही. इशा झाल्यावर स्वतःच्या मुलांचा अभ्यास. तोवर मूल पुस्तकावर डोके टेकून झोपलेले असते.

दोन माणसांचे काम एक माणूस करतो, एवढेच असते तर आम्ही तक्रार केली नसती. काम आमच्या आयांनीही केले. खरी गोष्ट अशी की दोघांच्या घरात एकाला पडायला जागा असते, कारण दुसरा उभा असतो. आमच्या घरात आजारी पडण्याची कुणालाच परवानगी नाही. आमच्यापैकी एकीचा मुलगा एका रात्री तापाने फणफणला. साडेअकरा वाजले होते. त्याला दवाखान्यात न्यायचे तर झोपलेल्या धाकटीचे काय करायचे? कुलूप लावून तिला आत ठेवायचे? शेवटी धाकटीला उठवून स्कूटीवर पुढे उभी केली, मुलाला ओढणीने पाठीशी बांधले आणि गाडी काढली. मुलगा बरा झाला. दुसऱ्या दिवशी गल्लीत प्रश्न फिरत होता: ही बाई रात्री बाराला कुठे गेली होती? पोरगा कसा आहे, हे विचारायला मात्र एकही दार उघडले नाही.

आणि काही गोष्टी अशा, की त्या कोणत्याही कामाच्या यादीत येत नाहीत. आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत बायकांना जागा नाही. सात वर्षांच्या मुलाला जुम्म्याच्या नमाजला कुणी न्यायचे? ईदच्या सकाळी नवा कुर्ता, डोक्यावर टोपी, कानात अत्तराचा फाया असा तो दारात उभा राहतो. शेजारचे चाचा आपल्या मुलांना घेऊन निघतात, तो त्यांच्यामागून दोन पावलांवर चालतो. कुणी हात धरला तर धरला. परत आल्यावर तो विचारतो, "अम्मी, सब के अब्बू गले मिलते, मैं किस से मिलूँ?" बी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्हाला चांगले गुण होते. या प्रश्नाचे उत्तर त्या पुस्तकात नव्हते.

अशा वेळी आमच्याकडे एक औषध पाठवले जाते. त्याचे नाव सब्र. सासरचे म्हणतात सब्र कर. माहेरचे म्हणतात सब्र कर. मौलानासाहेब म्हणतात, सब्र करणाऱ्याबरोबर अल्लाह असतो. यावर आमचाही ईमान आहे, कुणी शंका घेऊ नये. पण आमचा एक साधा सवाल आहे. सब्राचा उपदेश नेहमी देणेकरी माणसाला सोडून घेणेकऱ्यालाच का केला जातो? ज्याने मुलाचा खर्च थकवला त्याच्या दारात जाऊन, 'भाई, अल्लाहला काय जवाब देशील?' असे विचारणारा एकही बुजुर्ग आमच्या पाहण्यात आला नाही. आमच्याकडे मात्र सब्राची तकरीर ऐकवायला दर आठवड्याला कुणीतरी येते आणि जाताना चहा पिऊन जाते. चहाचे दूधही आमचेच.

सब्राच्या गोष्टी सांगणारे हजरत हाजरा यांचे नाव घेतात. आम्हीही घेतो. तान्ह्या इस्माईलला घेऊन ओसाड वाळवंटात एकटी राहिलेली ती आई सब्र करून बसली नव्हती. ती सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये पाण्यासाठी सात वेळा धावली. तिचे ते धावणे पुढे हजचा अरकान झाले. लाखो हाजी, त्यांत मोठमोठे आलिम आणि बादशहाही, आजवर तिच्या पावलांवरून धावत आले. एका एकट्या आईच्या धावपळीला ज्या दीनने इबादतीचा दर्जा दिला, त्याच दीनचे नाव घेऊन आम्हाला सांगितले जाते की बाईने घरात गप्प बसावे, पोटगीसाठी कोर्टात धावू नये, त्याने खानदानाची बदनामी होते. इमाम शाफई यांचे वडील ते तान्हे असतानाच वारले. इमाम बुखारीही लहानपणीच पोरके झाले. दोघांना आयांनी वाढवले. ज्यांच्या किताबांवर मदरसे चालतात ते इमाम एकट्या आयांची मुले होती, हे कोणत्या जलशात सांगितले जाते?

आता मुद्द्याचे बोलतो. आमच्या हालांचे मूळ आमच्या एकटेपणात नाही. आमच्या मुलांवर ज्यांचा हक्क सांगितला जातो त्यांच्यावर कोणतीच जबाबदारी टाकली जात नाही, त्यात ते आहे. परंपरेने चालत आलेल्या हनफी मतानुसार मुलाची हिजानत, म्हणजे सांभाळ, सात वर्षांपर्यंत आईकडे. मुलीची ती वयात येईपर्यंत. पण विलायत, म्हणजे पालकत्वाचा अधिकार, कायम बापाकडे. बाप नसेल तर दादाकडे. दूध, लस, शी-शू, रात्रीची जागरणे, बालवाडी, पाढे हे सगळे हिजानतीत येते. सही, निर्णय, मालमत्ता, निकाह हे विलायतीत येते. म्हणजे मूल हगते-मुतते तोवर आईचे आणि शहाणे झाले की बापाचे! त्यात आईने परक्या माणसाशी दुसरा निकाह केला तर तिची हिजानत जाते, असा दंडक. बापाने दुसरा, तिसरा केला तरी त्याची विलायत जागच्या जागी. आमच्या नात्यातला एक माणूस विधुर झाला, तर चाळिसावा होण्याआधी त्याच्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली. कारण काय सांगितले? 'बच्चे कौन सँभालेगा?' बरोबर आहे. मग विधवेच्या बाबतीत हा सवाल कुणालाच का पडत नाही?

फिकहचे पुस्तक उघडणाऱ्यांनी दुसरे पानही उघडावे. मुलाचा नफका, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, बापावर वाजिब आहे. याबद्दल कोणत्याच मसलकमध्ये वाद नाही. सूरह बकराच्या २३३व्या आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे आणि मुलापायी आईला त्रास होऊ नये असेही बजावले आहे. सूरह निसाच्या १२९व्या आयतीत, जरी संदर्भ एकाहून अधिक बायकांचा असला, तरी बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका, असे स्पष्ट आहे. आमची आखातवाली मैत्रीण अडीच वर्षे लटकते आहे. निकाहनाम्यावर सह्या करणारे साक्षीदार आणि वकील सगळे हयात आहेत. एकाने तरी त्या नवऱ्याला फोन लावला का?

दादांचे प्रकरण तर याहून न्यारे. आमच्या विधवा मैत्रिणीच्या मुलांचे दादा हयात आहेत. मुलांचे वली कोण? दादा. शाळेचा दाखला काढायचा तर दादांना विचारा. मुलीला ड्रॉइंगच्या क्लासला घालायचे तर दादांना विचारा. पण त्याच दादांच्या घराची वाटणी होईल तेव्हा, मुलांचे चाचा हयात असल्यामुळे, बाप आधी वारलेल्या या नातवंडांना वारसा म्हणून छदाम मिळणार नाही. ते 'महजूब' ठरतात. दादांची हुकमत आहे आणि दादांच्या भिंतीत वीटभरही वाटा नाही! इजिप्तने १९४६ साली यावर अनिवार्य वसीयतीचा तोडगा काढला. पाकिस्तानने १९६१च्या अध्यादेशाने अशा नातवंडांना मृत बापाचा वाटा दिला. आमच्याकडे तेवढ्यासाठी कायदा बदलण्याचीही वाट पाहायला नको. जो वारस नाही त्याच्या नावे मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत करण्याची मुभा शरीअतने प्रत्येक दादाला दिलेलीच आहे. एक कागद, दोन साक्षीदार. किती दादांनी तो कागद केला?

वली कसा असतो ते पाहायचे असेल तर पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचेच बालपण पाहावे. वडील जन्माआधीच गेले. सहाव्या वर्षी आई गेली. मग दादा अब्दुल मुत्तलिब आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब. अबू तालिब श्रीमंत नव्हते, घरात स्वतःची मुले होती. तरी पुतण्याला त्यांनी आपल्या घासातला घास दिला, व्यापाराच्या सफरीवर सोबत नेले आणि पुढे सगळे कुरेश उलटले तेव्हाही त्याच्या पाठीशी उभे राहिले. विलायतीचा अर्थ हा आहे. घास न देता नुसती सही करणाऱ्याला वली म्हणायचे असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल.

सरकारच्या दारातही आमचा अनुभव फारसा वेगळा नाही. काही गोष्टी सुधारल्या, त्या मान्य करायला हव्यात. २०१६च्या अखेरीस पासपोर्टसाठी एका पालकाचे नाव पुरेसे ठरले. २०१८मध्ये पॅनकार्डासाठी, आई एकटी असेल तर, बापाच्या नावाची सक्ती गेली. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे नाव आणि मग बापाचे नाव येते. चांगले झाले. पण नाव लिहिल्याने पोट भरत नाही. संजय गांधी निराधार योजनेची मदत २०२३मध्ये महिन्याला दीड हजार झाली. त्या मदतीसाठी उत्पन्नाची अट मात्र कित्येक वर्षे वार्षिक एकवीस हजार ठेवली गेली. महिन्याला साडेसतराशे. एवढ्या उत्पन्नात मुलांसह जिवंत राहून दाखवणारीला मदत कसली, पुरस्कार द्यायला हवा! बालसंगोपन योजनेत एकल पालकाच्या मुलाला २०२३पासून महिन्याला सव्वादोन हजार रुपये आहेत. आमच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आयांपैकी बहुतेकींनी तिचे नावही ऐकलेले नव्हते. २०२५मध्ये लाडक्या बहिणींची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांचा नवराही नाही आणि बापही नाही अशा बायांची आठवण सरकारला मागाहून झाली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. योजना ज्यांच्यासाठी होती त्यांनाच फॉर्ममध्ये जागा नव्हती.

कोर्टांनी त्या मानाने बरेच काही दिले आहे. शाहबानो निकाल १९८५चा, त्यानंतर १९८६चा कायदा, २००१चा डॅनियल लतिफी निकाल, हा इतिहास या वार्षिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण त्या सगळ्या गदारोळात बायकोच्या पोटगीवर एवढे बोलले गेले की मुलांच्या पोटगीचा विसरच पडला. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितले की १९८६च्या कायद्यामुळे मुलांचा हक्क कमी होत नाही. मुले सज्ञान होईपर्यंत आणि मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत बापाने खर्च दिलाच पाहिजे. ज्या कलम १२५खाली हे होते ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. १० जुलै २०२४च्या निकालाने तलाकशुदा मुस्लिम बाईलाही तोच रस्ता खुला असल्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. नवऱ्याने दोन वर्षे खर्च दिला नाही किंवा चार वर्षे त्याचा ठावठिकाणा नसेल, तर १९३९च्या कायद्याने बाईला निकाह रद्द करून मागता येतो. २०१९च्या कायद्याने सलग तीन तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. त्यातही बायको-मुलांच्या निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, पण चर्चा सगळी कैदेचीच झाली. कागदावर हे सगळे आहे. प्रत्यक्षात तारीख पडते, त्या दिवशी किरकोळ रजा टाकावी लागते, नवरा येत नाही, पुढची तारीख पडते. आमच्या मैत्रिणीच्या वर्षभराच्या रजा तारखांतच संपल्या. मुलाला कांजिण्या आल्या तेव्हा बिनपगारी राहावे लागले.

आमच्या हिंदू मैत्रिणींना आणि टीव्हीवरच्या चर्चा ऐकून आमची कीव करणाऱ्यांनाही दोन शब्द सांगायचे आहेत. "तुमच्यात ते तलाक असते ना," असे म्हणून त्या उसासा टाकतात. ताई, आम्हा तिघींतली एक विधवा आहे, एक टाकलेली आहे आणि तलाक फक्त एकीचा झाला आहे. 'परित्यक्ता' हा शब्द मराठीत आमच्यामुळे आलेला नाही. मूल बाईचे आणि नाव पुरुषाचे, ही रीत तुमच्या अंगणातही तशीच आहे. आमच्या दुःखाचे भांडवल करून आमच्या भावांना झोडपू नका. आणि भावांनो, ते झोडपतात म्हणून आमचे तोंड दाबू नका. गेली चाळीस वर्षे आम्हाला हेच ऐकवले जाते की आत्ता बोलू नका, वेळ नाजूक आहे. वेळ नाजूक असली तरी मुलाला भूक लागतेच.

कुणी म्हणेल, बाप स्वतःच कंगाल असेल तर? यंत्रमागावर राबणारा, हमाली करणारा माणूस कुठून देणार? मान्य. आमच्या मोहल्ल्यात असे बाप आहेत आणि आम्ही त्यांच्याकडे हजारो मागत नाही. पाचशे द्या. पण महिन्याच्या महिन्याला द्या आणि मुलाच्या हातात द्या, म्हणजे त्याला कळेल की आपण कुणाच्या तरी हिशेबात आहोत. निबंधाच्या पानावर लिहायला त्याला एक तरी ओळ मिळेल.

आणि शेवटी आमच्यावरच येतो. दुसऱ्यांना बोल लावणे सोपे असते. शाळेत आम्ही काय करतो? मूल चुकले की म्हणतो, 'कल अपने अब्बू को ले के आओ.' पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवतो आणि बिड्यांचे पान टाकून आई आली नाही की 'सरपरस्तों को दिलचस्पी नहीं' असे इतिवृत्तात लिहितो. प्रगतिपुस्तकावर आईची सही असली तर 'वालिद की दस्तखत?' असे विचारून परत पाठवतो. आमच्या स्वतःच्या मुलांचे प्रगतिपुस्तक एकीने दुसरीच्या मुलाच्या बाबतीत असे परत पाठवल्याचा किस्सा आमच्याच टेबलावर घडला आहे. त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा बोललो. जे आम्ही भोगतो तेच आम्ही रोज सात ते बारा दुसऱ्यांच्या मुलांना भोगायला लावतो, हे कबूल केल्याशिवाय आम्हाला मौलानांना किंवा सरकारला जाब विचारण्याचा हक्क नाही. म्हणून कबूल करतो.

आमच्या मागण्या फार नाहीत. जमातीच्या दफ्तरात निकाह आणि तलाक यांची नोंद होते. तिथेच तिसरा रकाना पाडा: मुले किती आणि त्यांचा दरमहा नफका किती. तलाकच्या कागदावर सही करायला येणाऱ्या पंचांनी तो रकाना भरल्याशिवाय सही करू नये. ज्यांचे मुलगे वारले आहेत अशा दादांनी नातवंडांच्या नावे वसीयत करावी आणि इमामसाहेबांनी रमजानच्या एका जुम्म्याचे बयान तेवढ्या एका विषयावर द्यावे. ईदगाहला निघताना ज्यांना हात रिकामा असेल त्यांनी गल्लीतल्या एका मुलाचा हात धरावा, याला तर दफ्तरही लागत नाही. कोर्टांनी पोटगीच्या तारखा मुलांच्या वयाकडे पाहून द्याव्यात; आठ वर्षांच्या मुलाचा खर्च तो अठराचा झाल्यावर मंजूर करून उपयोग नाही. २०१८मध्ये राज्य सरकारने महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती मागितल्यावर बाईकडे वाकड्या नजरेने पाहणाऱ्या मुख्याध्यापकांनी तो शासननिर्णय एकदा वाचावा. आणि जो बाप, दादा किंवा चाचा मुलाच्या वर्षभराच्या खर्चात एक पैसा घालत नाही, त्याला त्या मुलाच्या बाबतीत 'वली' हा शब्द वापरू देऊ नये. कायदा काय म्हणेल ते पुढे पाहू. मोहल्ल्याने तरी म्हणू नये.

यंदा आम्ही सहावीला 'मेरे वालिद' दिला नाही. फळ्यावर लिहिले, 'मेरे घर में मेरा खयाल कौन रखता है'. कुणी आईवर लिहिले, कुणी नानीवर, कुणी मोठ्या बहिणीवर. बऱ्याच मुलांनी वालिदवरच लिहिले आणि ते वाचून बरे वाटले, कारण ते गाईडमधले नव्हते. गेल्या वर्षीच्या कोऱ्या पानाचा मुलगा आता सातवीत आहे. त्याला बोलावून ती जुनी वही मागितली आणि शेरा खोडून द्यायचे ठरवले. त्याने सांगितले, वही रद्दीत गेली. शेरा त्याला अजून पाठ आहे.